निजल्या फांदीवरून

माझ्या स्वभावाबद्दल आमच्या कॉलनीत दोन मतं नाहीत. पिंप्राळ्याकडच्या या भागात आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आणि पहिल्याच महिन्यात कुंपणाच्या एका वितीवरून मी शेजाऱ्याशी असं भांडले की गवंडी काम टाकून बघत उभे राहिले. तेव्हापासून लोक माझ्यापासून जपून असतात. नवरा म्हणायचा, हिच्या तोंडी लागण्यापेक्षा भुसावळपर्यंत चालत गेलेलं परवडतं. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागे एक जुनी स्कूटर आणि गळ्यात अडकवायची एक दुर्बीण ठेवून गेला. स्कूटर मी विकली. दुर्बीण विकवेना.

पक्षी बघायचं वेड त्याचं. रविवारी पहाटे तो मेहरूण तलावावर जायचा आणि मी डोक्यावर पांघरूण घेऊन झोपायचे. परत आल्यावर कोणकोण दिसलं ते चहा पिता पिता सांगायचा, मी भाजी निवडता निवडता 'हं' म्हणायचे. तो गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, म्हणून मी कॉलनीच्या बागेत जाऊन बसू लागले. बसल्या बसल्या वर बघू लागले, आणि वर बघता बघता त्या 'हं'मध्ये माझं काय काय राहून गेलं ते कळायला लागलं. त्याची दुर्बीण मला जड होत होती, मान भरून यायची. मुलाने पुण्याहून हलकी दुसरी आणून दिली. जुनी कपाटातच राहिली.

बाग म्हणजे फार काही नाही. प्लॉट पाडताना सोडलेली मोकळी जागा, तिला तारेचं कुंपण, मध्ये मारुतीचं लहान देऊळ, चार बाकं. पण जागा मोकळी राहिली म्हणून झाडंही राहिली. देवळाजवळ एक थोरला निंब, रस्त्याकडेने करंज, मागच्या बाजूला सुबाभळींचं रान आणि अगदी कोपऱ्यात एक जुनी विलायती चिंच, काटेरी आणि आत हातही जाऊ नये अशी दाट. त्या चिंचेपाशी कोणी फिरकत नसे. फाल्गुनात भोरड्या यायच्या त्या तिथेच.

भोरडी म्हणजे साळुंकीची चुलतबहीण. डोकं, गळा, पंख आणि शेपूट काळं, डोक्यावर मागे वळलेली शेंडी, आणि बाकीचं अंग फिकट गुलाबी. पुस्तकवाले तिला पळसमैना म्हणतात. पावसाळा सरत आला की ती वायव्येकडून डोंगर ओलांडून आपल्याकडे येते, हिवाळाभर दादर ज्वारीवर ताव मारते, पळस-पांगारा फुलला की त्यातला मध पिते आणि चैत्रात परत निघते, पार कझाकस्तानाकडे, पिल्लं काढायला. निघायच्या आधी महिना-दीड महिना या सगळ्या एकत्र जमतात. दिवसभर खायचं, अंगावर चरबी चढवायची आणि रात्री एका ठरलेल्या जागी मुक्कामाला यायचं. रात्रीची झोप मोडली तर दिवसाचं खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि अंगी लागलं नाही तर एवढा पल्ला उडणार कशाच्या जोरावर? आमच्या बागेतली ती झोप त्यांना पुढच्या सगळ्या वाटेसाठी लागत होती. माझं भांडण झालं ते एवढ्यासाठी.

सूर्य मावळतीला टेकला की आधी दूर एमआयडीसीच्या बाजूला आभाळात काळसर डाग दिसायचा. तो पसरायचा, आकसायचा, बागेवरून दोन-तीनदा फिरायचा. मग थव्यातली मूठभर पाखरं सुटून कोपऱ्यातल्या चिंचेत उतरायची. बाकीची वरच फिरत राहायची. खालची पाखरं फांद्यांवर बसली, जरा कलकलली, सगळं ठीक आहे असं त्यांच्या मनाने घेतलं की मग वरचा सगळा थवा एकदम आत ओतल्यासारखा उतरायचा. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. बाकावर बसून, मान मोडेस्तोवर बघून मी ते शोधून काढलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. त्या पहिल्या मूठभर पाखरांना मी 'पुढारी' म्हणायचे. पुढारी बसले तर सगळे बसतात, पुढारी उठले तर त्या रात्री कोणी बसत नाही.

हे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

नाना आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आयुष्य वरणगावच्या फॅक्टरीत गेलं. मूळ गाव बोदवडकडचं, घरची कोरडवाहू शेती. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आले. पहिल्यांदा ते माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले तेव्हा मला रागच आला होता, कारण बाकीची तीन बाकं रिकामी होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी वर बघितलं आणि सांगितलं की या भोरड्या, यांच्यामागे लहानपणी गोफण घेऊन आपण दादरच्या वावरात उभा दिवस पळालेलो आहोत. मग मला बोलणं भाग पडलं.

त्याच हंगामातली गोष्ट. एका संध्याकाळी थवा झाडात उतरून निजायच्या बेतात होता. फिरायला आलेल्या एका गृहस्थांना मोबाइलवर उडत्या थव्याचं चित्रीकरण हवं होतं, म्हणून ते झाडाखाली जाऊन जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. माझ्या तोंडात आलेलं मी बाहेर काढणार, तेवढ्यात नाना उठले. चालत त्यांच्यापाशी गेले आणि आवाज जराही न चढवता म्हणाले, "भाऊ, पाखरू खाल्ल्या दान्यावरून उठवाचं. निजल्या फांदीवरून उठवाचं नाई. माहा बाप सांगे." गृहस्थ ओशाळून निघून गेले.

मी कितीतरी वेळ ते वाक्य मनात घोळवत बसले. सांजेला झाडाचं पान तोडू नये, झाड निजलेलं असतं, हे आपण सगळेच ऐकत मोठे झालो. पण ज्या पाखरांनी आपलं पीक खाल्लं त्यांचीही झोप मोडू नये, असा नियम एका कोरडवाहू शेतकऱ्याने पाळावा आणि पोराला शिकवावा, याचं मला फार वाटलं. दिवसा वैर, रात्री अभय. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून नवऱ्याची दुर्बीण काढली आणि नानांच्या गळ्यात घातली.

ती कशी लावायची तेही दाखवलं. नवऱ्याचा उजवा डोळा अधू होता, म्हणून उजव्या नळीवरचं कडं त्याने एका टोकाला फिरवून ठेवलेलं होतं. दुसऱ्या कोणी तसंच डोळ्याला लावलं तर सगळं धुक्यात. मी म्हटलं, नाना, हे कडं आपल्या डोळ्याला जुळवून घ्या. ते हो म्हणाले. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि लगेच म्हणाले, "दिसली, दिसली." पुढे मी काहीही दाखवलं की त्यांचं हेच असायचं. निंबावर तांबट बसला, दिसला. सुबाभळीच्या शेंड्यावर वेडा राघू बसला, दिसला. मी त्यांच्या नजरेचं कौतुक करायचे.

दोन वर्षं असं चाललं. हिवाळ्यात त्यांच्या सुनेकडून भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी यायची, माझ्याकडून त्यांना शेव-मुरमुरे जायचे. कॉलनीत कुजबुज झाली, ती एका बाईने मला तोंडावर विचारायची चूक केली तेव्हा कायमची थांबली. नाना थट्टेखोर होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि भोरड्या नेमक्या त्याच्या आधी निघून जातात. यावर ते म्हणायचे, ह्या पाखरांचं सगळंच उलटं, लेकी माहेरी यायच्या वेळेला या सासरी जातात. मी बोलायचे आणि ते ऐकायचे. ऐकताना मान हलवायची त्यांची एक पद्धत होती. त्या मान हलवण्यावर मी माझं सगळं शहाणपण ओवाळून टाकलं.

गेल्या वर्षी बागेचं नशीब उघडल्यासारखं झालं. म्हणजे कॉलनीच्या मंडळाला तसं वाटलं. फिरायला फरशीचा ट्रॅक आला, व्यायामाची रंगीत लोखंडी यंत्रं आली, आणि पाडव्याला उद्घाटन ठरलं. अडचण एकच होती. नवा ट्रॅक चिंचेखालून जात होता आणि सकाळी त्यावर पांढरा सडा पडलेला असायचा. घाण वाईटच होती, मी नाही म्हणत नाही. एक आजी घसरता घसरता वाचल्या. पण माझं म्हणणं होतं की पाखरं महिन्याभराची पाहुणी आहेत, तेवढे दिवस ट्रॅकचा तो तुकडा दोरी लावून बंद ठेवा, सकाळी मी स्वतः झाडू मारते. देवळाच्या ओट्यावर बैठक झाली तिथे मी हे सांगितलं. माझ्या पद्धतीने सांगितलं, त्यामुळे कोणाला पटलं नाही.

त्यांनी आपापले उपाय करून पाहिले. थाळ्या वाजवल्या, लक्ष्मीपूजनाच्या उरलेल्या फटाक्यांच्या लडी लावल्या. पण हे सगळं पाखरं झाडात शिरून बसल्यावर. थवा उठायचा, एक फेरी मारायचा आणि परत तिथेच बसायचा. मला गालातल्या गालात हसू यायचं. एका संध्याकाळी मी नानांना म्हटलंसुद्धा, यांना कळत नाही कधी आवाज करायचा ते, आणि देवाच्या दयेने कळणारही नाही. नानांनी मान हलवली.

त्याच सुमाराला धुळ्याहून फोन आला. माझी थोरली बहीण, अक्का, देवपुरात एकटी राहते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि सोबतीला कोणी नव्हतं. मला जाणं भाग होतं, आणि बाग सोडून जायला माझा पाय निघत नव्हता. मी नानांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुमी निवांत जा. आखाजीपर्यंत त्या झाडाले कोनी हात नाई लावनार. मी हाये ना." त्या 'मी हाये ना'वर मी बॅग भरली.

अक्काच्या घरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या डोळ्यात थेंब घालायचे, पथ्याचं करायचं, आणि संध्याकाळ झाली की गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायचं. धुळ्याच्या आभाळातूनही भोरड्या जात होत्या. अक्का डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर पडलेली असायची, पण तिला सगळं कळत होतं. म्हणाली, "तुनं ध्यान आठे नही शे. तुना जीव तठे त्या पाखरंस्मा अटकेल शे." मी तिला म्हटलं, तिथे नाना आहेत, काळजी नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपमध्ये फोटो आले. रिबीन, नारळ, अध्यक्षांचं हसू आणि मध्ये नाना. अंगावर शाल, हातात श्रीफळ, गळ्यात झेंडूचा हार. मला वाटलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून केला असेल सत्कार. चष्मा हाताशी नव्हता, खालचं वाचायचा कंटाळा केला आणि दोन हात जोडलेलं चिन्ह पाठवून दिलं. नाना फोटोत फार छान दिसत होते म्हणून अक्कालाही सांगितलं. ती म्हणाली, काय लिहिलंय ते वाच तरी. मी चष्मा आणला आणि मोठ्याने वाचायला लागले. 'पक्ष्यांचा उपद्रव कायमचा बंद केल्याबद्दल आपल्या नानांचा मंडळातर्फे हृद्य सत्कार.'

अक्काने पट्टीखालून माझ्या दिशेला तोंड केलं. मी नानांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

अक्काची पट्टी निघाल्यावर मी एसटीने निघाले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, रस्त्याच्या कडेचे पळस फुलं झडून हिरवे व्हायला लागले होते, आणि मी आपली मनाशी नानांच्या बाजूने वकिली करत होते. काही गैरसमज असेल. मंडळाने परस्पर नाव घातलं असेल. भिडेखातर शाल घेतली असेल. घरी बॅग टाकली ती तशीच आणि दिवस मावळायच्या आत बागेत गेले.

आपल्या बाकावर नाना नव्हते. आभाळात डाग दिसला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. थवा मोठा नव्हता, पण आला. बागेवरून फिरला. पुढारी सुटले, चिंचेकडे उतरले, पहिल्याने फांदीला पाय टेकवला न टेकवला, आणि धडाम्. रानडुकरं आणि माकडं पळवायला शेतकरी प्लास्टिकच्या नळीची बंदूक वापरतात, तिचा तो आवाज. पुढारी उसळून वर गेले. वरचा थवा फाटला, पुन्हा जुळला, आणि सुबाभळींवरून, विजेच्या तारांवरून, अंधारायला लागलेल्या आभाळात पश्चिमेकडे निघून गेला. परत फिरला नाही.

आवाज नानांच्या गच्चीवरून आला होता. त्यांच्या गच्चीचा कोपरा आणि चिंच यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे. पण मला गच्ची बघायचीही गरज नव्हती. आवाज ज्या क्षणाला झाला तो क्षण सगळ्या जळगाव जिल्ह्यात दोघांनाच ठाऊक होता, आणि त्यातली एक मी होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा मीच तासून, गुळगुळीत करून हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारांखाली एक भोरडी मरून पडलेली दिसली. झाडणारी बाई म्हणाली, रोज एखाद-दुसरी निघते, अंधारात दिसत नाही त्यांना. मी ती उचलली. हाताला काहीच वजन लागलं नाही. ज्या अंगावर आता चरबी हवी होती तिथे नुसतं हाड लागत होतं. अंगणातल्या जास्वंदीखाली पुरली आणि नानांच्या घरी गेले.

सुनेने दार उघडलं, चहा टाकते म्हणाली. शाल खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. नाना आतून आले आणि माझ्यासमोर बसले. मी त्यांना जे बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं एका दमात बोलले. त्यांनी नेहमीसारखी मान हलवत ऐकून घेतलं. मग सांगितलं की मंडळ झाड तोडणार होतं, तोडणाऱ्यांना बोलावणंही गेलं होतं, त्यांनी मध्ये पडून झाड वाचवलं. पाखरांचं मी बघतो, झाडाला हात लावू नका, असं म्हणाले. त्या झाडाला कोणी हात लावणार नाही हा शब्द दिला होता, तो पाळला.

क्षणभर मला पटलंसुद्धा. मग मी विचारलं की तसं होतं तर फोन का उचलला नाही. सुनेने चहा आणून ठेवला, त्यांनी आपला कप जवळ ओढला. तेव्हा मी त्यांना त्यांच्या वडिलांचं वाक्य ऐकवलं. म्हटलं, निजल्या फांदीवरून उठवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.

नाना हसले. त्या हसण्यात कुत्सितपणा असता तर मला सोपं गेलं असतं. लहान मुलाची समजूत काढावी तसं ते हसले. "ताई, ते शिवारातलं हाये," ते म्हणाले. "रातचं उठवलं तं भोरडी शेजाऱ्याच्या शिवारात जाऊन बसते, अन् सकायी त्याच्या दादरवर पडते. मंग तो येतो भांडाले. भाऊबंदकीत भांडन नको, म्हनून बाप सांगे. अठी कोनाचं दादर हाये?"

ज्या वाक्यावर मी दोन वर्षं जीव टाकला, जे मी मुलाला फोनवर सांगितलं, अक्काला सांगितलं, नवऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, त्यात पाखरांची दया कुठेच नव्हती. तो शेजाऱ्याशी भांडण टाळायचा हिशोब होता. त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. अर्थ मी माझा घातला होता. तरी मला वाटलं, या माणसाने केसाने माझा गळा कापला, आणि आता समोर बसून चहात साखर ढवळतो आहे.

"मग दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तुम्ही काय बघत होतात?" मी विचारलं.

नानांनी चमचा बशीत ठेवला. सून आत गेली आहे का ते बघितलं. "मले घरात बोलाले कोनी नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमी बोलत व्हत्या, मी आयकत व्हतो. पाखरं असो, नाई तं काई बी असो." मग म्हणाले, "यंदा पयल्यांदा कॉलनीनं मले बोलावून विचारलं, ताई. नाना, तुमी काई करा. तुमाले नाई कयाचं ते."

मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त झोंबलं. माझ्या सोबतीची किंमत एका शालीएवढी ठरली होती, आणि ती शालही त्यांनी सत्कारानंतर पिशवीतून बाहेर काढलेली नव्हती. मी चहा तसाच ठेवून उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली आणि खुंटीवरची दुर्बीण आणून माझ्या हातात दिली. चामड्याचा पट्टा पुसून स्वच्छ केलेला होता.

घरी आल्यावर मी ती डोळ्याला लावली. समोरचा निंब नुसता हिरवा धूर. उजव्या नळीवरचं कडं बघितलं तर ते नवऱ्याने फिरवून ठेवलं होतं तिथेच, त्याच टोकाला, खाचेत जुनी माती बसलेली. नानांनी ते कधी फिरवलंच नव्हतं. तांबट नाही, वेडा राघू नाही. त्यांनी माझ्या शेजारी बसून धूर बघितला आणि 'दिसली, दिसली' म्हणत राहिले. मी ते कडं जुळवायला बोट लावलं आणि काढून घेतलं. त्या घरातून तेवढी एकच वस्तू जशीच्या तशी परत आली होती.

त्या वर्षी भोरड्या वेळेआधीच दिसेनाशा झाल्या. गेल्या की दुसरीकडे कुठे मुक्कामाला बसल्या, मला कळलं नाही. आखाजीला नानांची लेक माहेरी आली, निंबाला झोका बांधला, कॉलनीतल्या पोरीबाळी संध्याकाळभर झोके घेत होत्या. ट्रॅक स्वच्छ होता. लोक मला मुद्दाम थांबवून सांगायचे की आता किती छान वाटतं नाही. मी काही म्हणत नसे, त्यामुळे माझी तब्येत बरी नसावी अशी बातमी पसरली.

पुढे मी बाक बदललं. देवळाच्या पलीकडच्या बाकावर बसू लागले. नाना जुन्याच बाकावर येतात, त्याच टोकाला बसतात, दुसरं टोक रिकामं ठेवून. सुरुवातीला लोक त्यांच्याशी थांबून बोलायचे. मग पाखरंच नाहीत म्हटल्यावर पाखरं पळवणाऱ्याचं कोणाला काय. वर्ष फिरेपर्यंत मंडळाला ते पुन्हा दिसेनासे झाले. मला वाईट वाटतं का, असं अक्काने फोनवर विचारलं. वाटतं. राग गेला का, असंही विचारलं. तो नाही गेला.

यंदा होळी झाल्यावर एका संध्याकाळी एमआयडीसीच्या बाजूला आभाळात डाग दिसला. फार नव्हत्या, पन्नास-साठ असतील. बागेवरून फिरल्या. चार-सहा सुटल्या आणि कोपऱ्यातल्या चिंचेत उतरल्या. दुर्बिणीतून गुलाबी अंग स्पष्ट दिसत होतं. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे कानात काहीतरी घालून ट्रॅकवर गोल फिरत होते. आठवड्याभरात थवा वाढला तर सगळ्यांना कळणारच होतं. पण तोवर तरी.

"ताई," पलीकडून नानांचा आवाज आला. वर्षभरात पहिल्यांदा. "आल्या का भोरड्या?"

मी दुर्बीण मांडीवर ठेवली. "नाही नाना," मी म्हटलं. "साळुंक्या आहेत, रोजच्याच."

नानांनी कपाळावर आडवा हात धरला आणि चिंचेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ज्याचं लहानपण या पाखरांमागे धावण्यात गेलं त्याला भोरडी ओळखू येत नाही, असं होत नाही. तेवढ्यात वरचा थवाही उतरला आणि झाड कलकलायला लागलं.

"हो, साळुंक्याच," नाना म्हणाले. "दिसल्या." मग गुडघ्यावर हात टेकून उठले, चप्पल पायात सरकवली आणि हळूहळू घराकडे चालायला लागले.

ते माझ्यासाठी खोटं बोलले असतील. मला तसं धरून चालायला आवडलं असतं. चिंचेत वर्षभराने भोरड्या निजत होत्या, आणि मी एकदाही त्यांच्याकडे मान वळवली नाही. पूर्ण अंधार पडेपर्यंत मी नानांच्या गच्चीकडे बघत बसले.